बिनखोटीची गाडी

हिरालालने व्हॅनमधली मॅट उचलली, गुडघे टेकले आणि खालच्या पत्र्याला नाक लावून वास घेतला. गाडीचा मालक टेकचंद बघतच राहिला. अतुलला मात्र आता लाजही वाटेनाशी झाली होती. बापाचा हा वास घ्यायचा कार्यक्रम त्याने याआधी दोन गाड्यांपाशी पाहिला होता.

वैनगंगेच्या पुरात बुडालेल्या गाड्या लोक धुऊनपुसून गळ्यात मारतात, असं हिरालालचं पक्कं मत. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. हा तर पाणीसुद्धा फुंकून पिणारा. मॅटखाली चिखलाचा वास, दाराच्या कडेला नवा रंग, सीटखाली गंज, काही म्हणून सोडायचा नाही.

गाडी अतुलला हवी होती, आणि लवकर हवी होती. त्याच्या गावची, सिहोऱ्याची शाळकरी पोरं तुमसरला न्यायची-आणायची बोली झाली होती. शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते. गाडी दारात नसली तर पोरांचे आईबाप दुसरा माणूस बघणार, आणि त्यात त्यांची काय चूक? वरठीच्या कारखान्यातलं कंत्राटी काम गेल्यापासून अतुल घरीच होता. रात्रपाळीत मशीनपाशी झोपलेला सापडला म्हणून काढून टाकलं. आपण झोपलो कधी, हे त्यालाच आठवत नव्हतं. दमलो असू, म्हणून त्यानेही वाद घातला नाही. आता ज्या मुलीशी लग्न ठरत होतं त्या अपेक्षाच्या घरच्यांनी साफ सांगितलं होतं, पोरगा कमावता झाला की तारीख काढू. म्हणजे गाडी असेल तर धंदा, आणि धंदा असेल तर लग्न. नाहीतर बसा हात चोळत.

कारखान्यात घाम गाळून जमवलेले दोन लाख, तेवढीच त्याची ऐपत. त्यात नवी गाडी स्वप्नातही येत नाही. तरी तुमसरात एक चांगली जुनी व्हॅन सापडली होती. बापाने खोट शोधली, निघाली नाही. मग तो मालकाला बाजूला घेऊन गेला, काहीतरी कुजबुजला, आणि मालक परत येऊन म्हणतो, गाडी विकायची नाही. भंडाऱ्याच्या गाडीचंही तेच झालं.

अतुलच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. हिरालाल पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला माणूस. पोराने परीक्षा द्याव्यात, साहेब व्हावं, हे त्याने किती वर्षं उराशी धरलं होतं. बी.ए. झालेला पोरगा पोट्टे वाहतो, असं कोणी म्हटलं तर बापाची मान खाली जाणार. तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून हा मागून सुरुंग लावतो. आपल्याबद्दल काय काय सांगत असेल देव जाणे!

आईपाशी बोलून उपयोग नव्हता. बायजाबाई दुधाचा पेला पुढे करायची आणि रोजची ताकदीची गोळी तळहातावर ठेवायची. सकाळी तुहं अंग दुखते ना, घे म्हणायची. बापाबद्दल मात्र अवाक्षर नाही. दोघं मिळालेले होते, दुसरं काय.

आणि आता ही साकोलीची तिसरी गाडी. टेकचंदचं कापडाचं दुकान होतं. मुलगा पुण्याला गेला, गाडी नुसती उभी, म्हणून विकत होता. किंमत बजेटात, कागद चोख, टायर धड. अतुलने हायवेवर चालवून पाहिली. काय गाडी होती! गियर लोण्यासारखा पडत होता. हिरालाल बाजूच्या सीटवर होता. इंजिनाचा आवाज ऐकायचा सोडून तो पोराकडेच टक लावून बसला होता. अतुलला असा राग आला की गाडी तिथेच थांबवावी आणि बापाला खाली उतरवावं.

परत आल्यावर टेकचंदच्या बायकोने, गीताबाईने, चहा आणला. अतुलची जीभ सकाळपासून सोललेली होती, त्यामुळे तो कप हातात धरून चहा निवायची वाट बघत बसला. मान वर केली तर बाप आणि टेकचंद दुकानाच्या मागच्या भिंतीपाशी. आणि बापाने हात जोडलेले! साहेबापुढेही कधी न वाकलेला हा माणूस एका कापडवाल्यापुढे हात जोडून उभा होता.

टेकचंद आला आणि खाली बघून म्हणाला, गाडी मुलालाच ठेवतो म्हणतो.

येताना बसमध्ये हिरालालने दोनदा पाणी विचारलं, अतुलने खिडकीबाहेरच बघितलं.

दुसऱ्या दिवशी मित्राकडे जातो म्हणून तो निघाला तो सरळ साकोलीला. टेकचंदच्या गल्ल्यावर त्याने विसाराची रक्कम ठेवली. ठरलेल्या किमतीपेक्षा वाढवून देतो म्हणाला. टेकचंदने पैसे उचलून त्याच्याच हातात परत दिले.

"काका, माह्या बाबाने काय सांगतलं तुमाले?" अतुलचा आवाज चढला. "पोरगा दारू पेते? पैसे बुडवते? काय असन ते तोंडावर सांगा."

टेकचंदने बायकोकडे पाहिलं. गीताबाई आत गेली. त्याने गिऱ्हाइकाचा स्टूल पुढे ओढला आणि अतुलला खांद्याला धरून बसवलं.

"तुले खरंच मालूम नाही, बेटा?"

"काय मालूम नाही?"

टेकचंदने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

"तुह्या बापाने तुही बदनामी नाही केली. म्हणे, टेकचंदभाऊ, गाडीत काही खोट नाही, पण हिच्यात गावचे पोट्टे बसणार हायेत. माह्या पोराले झोपेत मिरगीचे झटके येतेत, एकदा तं जागेपणीबी आला, आन् त्याले हे सांगाची आमची अजून हिंमत नाही झाली."