टाकीमागची नळी

टाकीमागच्या नळीपर्यंत मिस्त्रीचा हात पोहोचत नव्हता. इंजिनाच्या खोलीत तो पालथा पडला होता, गाल गार लोखंडाला टेकलेला. वर डेकवर, उघड्या झाकणाच्या कडेला त्याची वहिनी बसली होती. घरीच थांबा म्हणून किती विनवलं, पण नाही. "इंजिन कशानं बंद पडलं ते मला कळलंच पाहिजे, भावजी," एवढंच ती म्हणाली.

सोळा दिवसांपूर्वी भर समुद्रात हे इंजिन बंद पडलं. होडीवर दादा एकटाच होता. वाऱ्यानं होडी खडकांवर नेऊन आपटली. ती ओढून आणली, तडा बुजवला तर पुन्हा चालेलही. दादा गेला तो गेलाच.

कारण मिस्त्रीला ठाऊक होतं. डिझेलच्या नळ्या बाहेरून तुकतुकीत दिसतात आणि आतून सडतात. म्हणून तो दर दोन वर्षांनी सगळ्या नळ्या बदलायचा, दिसायला कितीही धडधाकट असोत. पण हे लोकांच्या होड्यांवर. सख्ख्या भावाच्या होडीवर टाकीमागची एक नळी त्यानं तशीच राहू दिली. ती काढायची तर अख्खी टाकी हलवावी लागते. "चालेल अजून वर्षभर," तो म्हणाला होता. घरच्या कामाला नेहमी उद्याचाच मुहूर्त. दादानंही मान डोलावली होती. आता ते 'वर्षभर' मिस्त्रीच्या घशाखाली घास उतरू देत नव्हतं.

शेवटी क्लिप सुटली. नळी निघाली. त्यानं ती बॅटरीच्या उजेडात धरली.

ती त्याची नव्हतीच. नवी होती, आणि पाण्याची होती. घरात नळाला लावतात तसली. डिझेलनं फुगून ती मऊ पडली होती आणि इंजिनाच्या ओढीनं आतून पार चिकटली होती. थेंबसुद्धा पुढे गेला नसता. दादानं स्वतःच टाकी सरकवून ती बसवली होती.

मिस्त्रीच्या छातीवरचा धोंडा उतरला. मी नाही मारलं त्याला. दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची किळस आली. भाऊ मेला, आणि आपण सुटलो म्हणून बरं वाटतंय.

"सापडलं का काही?" वहिनीनं वरून विचारलं.

जन्म समुद्रावर गेलेला माणूस, आणि डिझेलला पाण्याची नळी लावतो! धक्क्यावरचे लोक फिदीफिदी हसतील. वहिनीच्या मनात तरी दादा शहाणाच राहू दे. त्यानं नळी शर्टाच्या आत सरकवली.

"माझी चूक, वहिनी. टाकीमागची नळी बदलायची मी टाळली. तिनंच घात केला."

तो शिव्यांची वाट बघत राहिला. पण वर वहिनी रडायला लागली, इतकी की तिला धड बोलता येईना.

"तुमच्यावर राग नाही माझा. देवानं मला क्षमा करावी, पण हे ऐकून मी सुटले, भावजी. ते म्हणाले होते, टाकीमागची नळी ओली लागतेय. सारखं भावजींना काय बोलवायचं, तू बाजारातून आण, मीच बदलतो. दुकानदारानं विचारलं, पाण्याची देऊ की डिझेलची? मला काय कळतंय त्यातलं! मी म्हटलं, द्या कुठलीही. सोळा दिवस डोळ्याला डोळा नाही. वाटायचं, मीच मारलं त्यांना." तिनं झाकणातून खाली वाकून बघितलं. "ती त्यांनी बसवलीच नव्हती ना?"

शर्टाच्या आत मिस्त्रीच्या पोटाला डिझेलचा ओलावा लागत होता.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "जुनीच होती. माझीच."