चाकाखालची लिंबं

“पान्यांक पण कुंकू लाव गो. विसरशीत,” गुरुदास बॉनेटमधून डोकं न काढताच म्हणाला.

“चाळीस वर्षां विसरलंय नाय, ती आज बरी विसरतलंय,” सुमंगला म्हणाली.

खंडेनवमीचा पाट भरला होता. पाने, पकड, जॅकचा दांडा, आणि कोपऱ्यात त्याने ठेवलेली, पेट्रोलचा वास येणाऱ्या फडक्याची बारकीशी पुरचुंडी. तिने सगळ्यांवर हळदकुंकू वाहिलं, पुरचुंडीवर झेंडूचं फूल ठेवलं, उदबत्ती लावली आणि कंबर धरून उठली. आता उद्या संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही.

इब्रामपुरात मोप्याच्या विमानतळाची आणि गुरुदासच्या गाडीची थट्टा एकदमच व्हायची. दोन्ही एक दिवस सुरू होणार म्हणे.

गोवामुक्तीनंतर डिचोलीच्या खाणीवरचा पोर्तुगीज इंजिनियर गाव सोडून गेला, तेव्हा ही लाल, दोन सीटांची, उघड्या टपाची विलायती गाडी खाणीवरच्या तरुण ट्रक ड्रायव्हरला, गुरुदासला, देऊन गेला. सुमंगलाची वरात तिच्यातूनच निघाली आणि अर्ध्या वाटेवर थांबली. उरलेली वाट नवरीने मुंडावळ्यांसकट चालून काढली. दोडामार्गच्या रस्त्यावर तर एकदा पाच तास अडकली. रोटरला केसाएवढा तडा गेला होता. “दिसाक धडधाकट, पण वीज आतल्या आत गळता,” गुरुदासने तिला दाखवलं होतं. तो कुचकामी रोटरही त्याने जपून ठेवला. आयुष्यात त्याने कधी काही टाकलं नाही.

रोटर म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा तपकिरी तुकडा. तो काढला की इंजिन नुसतं खोकतं, पेटत नाही. जत्रेला गेलं की गुरुदास तो काढून तिच्या पदराच्या गाठीत बांधायचा. “आता कोण चोरता बघूया!” तेव्हापासून तिला तो काढता येत होता, बसवताही.

यंदा होळीत, शिगम्याला, भरदुपारी त्याने मासळीवाल्या शेवंतीची पाटी चिरडली. शेवंती हातभर अंतराने वाचली.

“ब्रेक लागलो नाय,” तो सगळ्यांना म्हणाला. लोकांनी मानलं. गाडी तशीच होती ना.

सुमंगला शेजारी बसली होती. त्याचा पाय ब्रेककडे गेलाच नव्हता. त्याला पाटी दिसली नव्हती. शेवंतीही.

गाडी चालवण्यात जन्म गेलेल्या माणसाला ‘तुम्हाला दिसत नाही’ हे सांगायचं कसं? दुसऱ्या दिवशी तिने रोटर काढला आणि हिंगाच्या डबीत लपवला. तेव्हापासून सात महिने गाडी बंद. सात महिने गुरुदास रोज सकाळी बॉनेट उघडून आत चाचपायचा आणि हात पुसत परत यायचा. इंजिनात हयात घालवलेल्या माणसाला एवढंही कळू नये, म्हणजे दृष्टी किती गेली असेल! खोटं एकदा बोलून भागतं तर ठीक. ते रोज सकाळी चहाबरोबर बोलून ती दमली होती.

पण दसऱ्याला गाडीने लिंबं चिरडायलाच हवीत. शाबूत राहिलेलं लिंबू घरच्या माणसावर येतं, असं तिची सासू म्हणायची. दसऱ्याच्या सकाळी तो न्हाणीत गेल्यावर तिने डबी उघडली, रोटर जागेवर बसवला, टोपण दाबलं. गाडी फक्त अंगणात दोन हात पुढे जाईल. मग आपण चक्कर आली म्हणून उतरायचं आणि देवळाला पायीच जायचं.

चार चाकांखाली तिने चार लिंबं ठेवली.

“गुरुदासभाय, आज तरी चालू जातली मरे?” कुंपणापलीकडून शेजारचा पांडुरंग ओरडला. तो तुयेच्या कारखान्यात कामाला होता आणि दर वर्षी ही गाडी मागायचा. “नायतर माका दी. चार मेस्त्री लावन दोन दिसांत पळवतंय!”

“ही आसा तवसर गाडी खंय जावची नाय,” गुरुदास म्हणाला. “दसऱ्याक गाडीत बसान देवळाक जावचा, ही हिची हौस.”

सुमंगलाने लुगडं सावरलं आणि त्याच्या शेजारी बसली. तिची हौस वरातीतच फिटली होती.

त्याने चावी फिरवली. इंजिन खोकलं. पुन्हा फिरवली. पुन्हा खोकलं. तिसऱ्यांदाही तेच.

सुमंगलाने बॉनेटकडे पाहिलं. रोटर तर तिने स्वतःच्या हाताने घट्ट बसवला होता.

“बघा तरी काय झालां ता,” ती म्हणाली.

“हत्यारां पूजेक आसत. आज हात लावचो नाय.” त्याने स्टिअरिंगवरून हळूच तळवा फिरवला. “म्हातारी झाली गो ही. तुझी हौस रवली.”

“माझी खंय? तुमची.”

शेवटी पांडुरंगने आणि तिने मिळून गाडी ढकलली. लिंबं फुटली. गुरुदास स्टिअरिंगमागे बसून लहान मुलासारखा हसला. देवळाच्या वाटेवर त्याने तिचं कोपर धरलं.

“वाट वायट आसा,” तो म्हणाला. “तू पडशीत.”

“होय,” ती म्हणाली आणि त्याला खड्ड्याच्या कडेने घेऊन गेली.

संध्याकाळी आपट्याची पानं वाटून झाली. गुरुदास दारापुढच्या बल्कावात बसला. सुमंगला पाटावरची हत्यारं उचलू लागली.

“सगळां गावलां मगो?” त्याने बाहेरून विचारलं.

“गावता गावता,” ती म्हणाली. पाने पेटीत गेले, पकड गेली. उरली पुरचुंडी. तिच्यावरचा झेंडू सुकला होता. फडकं धुवायला टाकावं म्हणून तिने गाठ सोडली.

आत अंगठ्याच्या पेराएवढा तपकिरी, बिनतड्याचा तुकडा होता, आणि त्याला सात महिन्यांच्या हिंगाचा वास येत होता.