क्लाइव्हचा टॅग

जगात पवित्र गोष्टी दोनच, असं नोरीन क्विल सांगायची : मेलेल्या माणसाचं नाव आणि जिवंत माणसाचा लाल टॅग. हे ती अशा गंभीर आवाजात सांगायची की नवखा माणूस टोपी काढायचा. मग त्याचं लक्ष मागच्या फडताळाकडे जायचं. तिथे बिस्किटांच्या डब्यालाही एक लाल टॅग लावलेला असायचा. बिस्किटं तरीही संपायची, ती गोष्ट वेगळी.

टॅस्मानियाच्या दक्षिण टोकाच्या त्या बंदरात होडी पाण्याबाहेर काढायची सोय एकच. रुळांचा एक उतार आणि वर शेडमधलं, होड्या दोरानं ओढून घेणारं हायड्रॉलिक विंच. नोरीन तिथली मुकादम. विंचच्या पोटात हात घालणाऱ्यानं आधी प्रेशर उतरवायचं, ते चालू करायचा दांडा बंद करायचा, कोऱ्या टॅगवर आपलं नाव लिहून तो दांड्याला अडकवायचा. काम संपलं की ज्याचा त्यानं काढायचा. दुसऱ्यानं त्याला बोट लावायचं नाही.

नोरीनच्या बापाच्या वेळी कुणीतरी घाईत दुसऱ्याचा टॅग काढून दांडा ओढला होता. बाप तेव्हा आत, दोर गुंडाळणाऱ्या ड्रमपाशी होता. त्यानंतर हा नियम गावाला कधी समजावून सांगावा लागला नाही.

आता दांड्याला टॅग होता आणि क्लाइव्ह टॅबर्ट इस्पितळात होता.

गेल्या महिन्यात ती दोघं विंचचा तडकलेला होज, म्हणजे तेलाचा रबरी पाइप, बदलत होती. होज बसला, गळती थांबली, क्लाइव्ह हात पुसत उठला आणि तसाच खाली बसला. त्याचा हात धरून अँब्युलन्समधून नोरीनच गेली. डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो उजेडासमोर धरला आणि क्लाइव्हला तिथेच ठेवून घेतलं. परत येऊन बघते तर दांड्यावर एक टॅग तसाच. आपला आपण काढलाच असणार, म्हणजे हा क्लाइव्हचा, असं तिनं धरलं. शेडमधल्या वाऱ्यानं तो उलटा होऊन ग्रीसमध्ये पत्र्याला चिकटला होता. तो नोरीननं सरळही केला नाही. नियम म्हणजे नियम.

विंच बंद पडलं. गाव आधी हळहळलं, मग चिडलं. म्हातारा जाता जाता सगळ्यांच्या होड्या सडवून जाणार, असं क्लबमध्ये पहिल्यांदा नोरीनच बोलली. पुढे ते सगळेच बोलू लागले, आणि क्लाइव्हला भेटायला जाणारे कमी होत होत उरलेच नाहीत.

त्यात नोरीनच्या होडीची, 'एडा'ची, तळाची फळी सुटली. पंप लावून होडी कशीबशी तरंगत ठेवली होती. उद्या दक्षिणेचं वादळ येणार होतं. त्यात होडी बुडणार हे ठरलेलंच होतं. तिच्याबरोबर शेवंडींचा धंदा, म्हणजे नोरीनचं सगळंच जाणार होतं.

शेजारचा डॅरेल पक्कड घेऊन आला. "मी काढतो. म्हातारा काय उठून बघायला येतोय?"

"काढ ना," नोरीन म्हणाली. "फक्त आधी माझ्या बापाच्या थडग्यापाशी जाऊन सांगून ये."

डॅरेलनं पक्कड खिशात घातली.

नोरीन इस्पितळात गेली. आजाऱ्याला न्यायचा केकही हातात नव्हता. क्लाइव्हच्या नाकात नळ्या होत्या आणि औषधांनी डोळे जड झाले होते. टॅग अडकवल्याचं आपल्याला नीट आठवत नाही, असं तो पुटपुटला. पण नोरीन म्हणते म्हणजे असेल, एवढंही वर म्हणाला.

"तुझा टॅग आहे आणि माझी होडी जातेय," ती म्हणाली. "मरताना तरी कुणाच्या आड येऊ नकोस, क्लाइव्ह."

त्यानं पांघरूण बाजूला सारलं. "मग घेऊन चल मला," म्हणाला.

या थंडीत बाहेर नेलंत तर परत आणाल याची खात्री नाही, असं नर्सनं स्पष्ट सांगितलं. नोरीननं खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. मग चाकाची खुर्ची मागवली.

दुपारी शेडबाहेर अर्धं गाव उभं होतं. कुणी क्लाइव्हला हाक मारली नाही. ऑक्सिजनची नळकांडी मांडीवर घेऊन तो वाऱ्यात बसला होता. ओठ निळे पडले होते. खाली पंपाची घरघर चालू होती आणि 'एडा' एका अंगावर कलली होती.

"उशीर केलास बाबा," डॅरेल म्हणाला.

"वाटेत गर्दी होती," क्लाइव्ह म्हणाला. त्या रस्त्यानं दिवसाला तीन गाड्या जातात. कुणी हसलं नाही.

नोरीननं खुर्ची दांड्यापाशी नेली आणि दोन पावलं मागे सरकली. तसं करायचं असतं. टॅग धरायलाच क्लाइव्हला वेळ लागला. ग्रीसमधून तो सुटता सुटेना. शेवटी सुटला. त्यानं तो सरळ केला, अंगठ्यानं पुसला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला. मग पुन्हा वाचला.

त्यानं टॅग होता तसा दांड्यावर लोंबता सोडला आणि दोन्ही हात पांघरुणाखाली घेतले.

"नोरीन," तो म्हणाला, "हा तेवढा तूच काढ, पोरी. यावर तुझं नाव आहे."