एकतीस मिनिटं

पिंपळनेरहून पहाटेच्या एसटीने धुळ्याला आलेल्या ताईबाई दुपारचे दोन वाजले तरी लॅबच्या बाकावरच होत्या. लॅब सांभाळणाऱ्या पुनमने त्यांचं नाव कॉम्प्युटरमध्ये घातलं. ओळ हिरवी होती, म्हणजे रिपोर्ट वेळेत. रक्त घेतलं आठला, रिपोर्ट गेला एकतीस मिनिटांत.

"अक्का, रिपोर्ट मोबाइलवर कधीच गेलाय की!"

"मोबाइल पोऱ्याजोडे शे, माय. तो नरडाणाले कंपनीमा. गेटवरच फोन जमा करी लेतस." ताईबाईंनी मांडीवरचं भाकरीचं फडकं सावरलं. "रिपोट येस तवलोंग खावानं नही ना?"

पुनमने रिपोर्ट छापून त्यांच्या हातात दिला. त्यांनी पहिला घास घेतला, तेव्हाच ती खुर्चीकडे वळली. एकतीस मिनिटं खोडून तिने सहा तास केले. ओळ लालभडक झाली.

"मॅडम, अख्ख्या महिन्यात एक लाल ओळ नव्हती!" शेजारचा हितेंद्र ओरडला. "आता कॉम्प्युटर जबाबदार कोण म्हणून विचारेल."

"विचारू दे."

कॉम्प्युटरने विचारलंच. कागद बंद करून रिपोर्ट मोबाइलवरच पाठवायची शक्कल ज्या बाईने काढली होती, तिचं नाव पुनमने चौकटीत लिहिलं. स्वतःचं.