काळ्या काचांचा ट्रक

"एवढी काळी फिल्म? अरे, सगळा तालुका ओळखतो तुझा हा पासष्ट सालचा ट्रक," काचांचं काम करणारा लूपे म्हणाला.

"ट्रक ओळखू देत. आत मी आहे हे दिसायला नको. कुणी विचारलंच तर सांगेन, लूपेने फिरवायला नेला होता."

रॉयस टेक्ससमधल्या एका गावात सासऱ्यांच्या पशुखाद्याच्या दुकानात कामाला होता आणि सासऱ्यांच्याच आवारात राहत होता. आज तो कोट-टाय घालून, घरी न सांगता, शहरात नोकरीच्या मुलाखतीला निघाला. हे हुकलं तर उरलेला जन्म कोंबड्यांच्या खाद्याची पोती मोजण्यात जाणार होता.

रस्त्यात समोरून येणाऱ्याला स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलून सलाम करायची गावची रीत. रॉयसने सवयीने पाद्रीबाबांना बोटं दाखवली, टपालवाल्या बाईंना दाखवली, शाळेच्या बसलाही दाखवली. सगळी काळ्या काचेमागून.

गावाबाहेरचा पूल जवळ आला तसा बायकोचा फोन वाजला.

"अरे, आहेस कुठे तू? आपला ट्रक चोरीला गेलाय! कोण मेला चालवतोय कुणास ठाऊक, पाद्रीबाबांनासुद्धा सलाम केला नाही म्हणे त्याने. तू असा उर्मट नाहीस, हे सगळ्यांना माहीत आहे ना! पण काळजी करू नकोस, माझे बाबा शेरिफला घेऊन पुलावर उभे आहेत."

 

पुलावर रॉयसने काच खाली केली. सासरे त्याच्या टायकडे बघत राहिले, आणि त्याची दोन बोटं आपोआप वर गेली.