अर्जातला प्रश्न

"ह्यात दुःख भरपूर आहे. प्रश्न कुठाय?"

बापूसाहेबांनी अर्ज टेबलावर ठेवला आणि चष्म्यावरून मल्हारकडं पाहिलं.

मल्हारनं अर्ज पुन्हा पुढ्यात ओढला. तो इंदापुरातला मनोविकारतज्ज्ञ, मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला डॉक्टर. दर गुरुवारी बावड्याला जाऊन तो पेशंट बघायचा. गावातली माणसं मनाचा आजार वर्षानुवर्षं का लपवतात आणि तो वेळेत ओळखायचा कसा, यावर त्याला संशोधन करायचं होतं. त्याच्या अनुदानासाठी दिल्लीला धाडलेला अर्ज दोनदा नामंजूर झाला होता. मधल्या काळात बावड्यातल्या एका घरानं आपली सून त्याच्याकडं आणली, तेव्हा वेळ निघून गेली होती. तिचा चेहरा काही केल्या त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

असे अर्ज पारखण्यात बापूसाहेबांची सगळी नोकरी दिल्लीत गेली होती. निवृत्तीनंतर ते बारामतीजवळ आपल्या मळ्यात येऊन राहिले होते. कॅनॉलच्या पाण्यावर डाळिंबं लावली होती. मल्हारनं नुसता फोन केला, तर म्हणाले, "या की. घर आपलंच आहे."

मग सत्त्याण्णव सालचा सगळा पावसाळा मल्हार दर रविवारी मोटरसायकलवर बारामती गाठू लागला.

बापूसाहेब शिकवायचे ते हसतखेळत. एखादं वाक्य मोठ्यानं वाचायचे आणि विचारायचे, "डॉक्टर, हे तुम्हाला तरी कळलं का?" मल्हार ओशाळून हसायचा. घरी जाऊन पुन्हा लिहायचा. ज्या पानांचा त्याला अभिमान होता तीच आधी गेली. राहिलं ते मात्र त्याचं स्वतःचं होतं, आणि पहिल्यांदाच स्पष्ट होतं.

"जो माणूस चारचौघांत हसतो, कामाला वाघ असतो, तो तुम्हाला सापडणार कसा?" एकदा त्यांनी विचारलं.

"त्याला विचारून."

"तो खोटं बोलेल."

"मग घरच्यांना विचारू."

"मग लिहा ना तसं! घरच्यांना सगळं ठाऊक असतं. त्यांना कुणी विचारत नाही, एवढंच."

त्या दिवशी परतताना मल्हारला वाटलं, आपल्या कॉलेजात असा एक मास्तर असायला हवा होता.

एक गोष्ट मात्र त्याला खटकायची. बापूसाहेबांच्या पत्नी, प्रयागबाई, कायम दाराशी बसलेल्या असायच्या. बोलायच्या नाहीत. चहासुद्धा सून आणून द्यायची. बापूसाहेब बाग दाखवायला उठले की त्याही मागोमाग निघायच्या. फवारणीची औषधं ठेवलेल्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. गडी मागायला आला तर स्वतः जाऊन खोली उघडायच्या आणि पुन्हा कुलूप लावायच्या.

"आत्याबाई रातच्या झोपतच न्हाईत," सून एकदा हळूच म्हणाली. "बसून असत्यात."

मल्हारच्या मनानं लगेच नोंद घेतली. संशय, धास्ती, निद्रानाश. घरात हे असताना हा माणूस दुसऱ्याच्या अर्जासाठी इतका जीव ओततो! बापूसाहेबांबद्दलचा त्याचा आदर आणखी वाढला.

अर्ज पूर्ण झाला त्या रविवारी मल्हारनं विचारलं, "सल्लागार म्हणून तुमचं नाव घालू का?"

"नको. माझा ह्यात कुठं संबंध दिसायला नको."

मल्हारनं मग धीर करून दुसरा विषय काढला. "बापूसाहेब, राग मानू नका. काकूंना एकदा माझ्याकडं घेऊन या. औषधानं फरक पडतो."

बापूसाहेबांनी अर्जाची पानं नीट जुळवून ठेवली. मग नेहमीसारखे हसले. "तुमचं काम तर सुरू होऊ द्या. बघू."

अनुदान मंजूर झालं. दिल्लीच्या पत्रात अर्जाचं कौतुक होतं, घरच्यांशी बोलण्याच्या कल्पनेचं तर विशेष. मल्हारनं फोन करून बापूसाहेबांना कळवलं. "शाबास, डॉक्टर," एवढंच ते बोलले.

बावड्यात काम सुरू झालं त्या गुरुवारी सकाळी मल्हार दवाखान्याच्या दारात उभा होता. नर्सबाई आणि तो, दोघंच. गावातली माणसं रस्त्यावरून डोकावून पुढं जात होती. कुणी पायरी चढेना.

तेवढ्यात एक जीप येऊन थांबली. बापूसाहेब उतरले, मागून प्रयागबाई.

मल्हार पुढं धावला. शेवटी त्यांनी आणलंच काकूंना. तेही बारामतीतलं कुणी बघणार नाही अशा ठिकाणी, आणि पहिल्याच दिवशी. त्यानं दोघांना आत नेलं, दार लोटलं आणि प्रयागबाईंपुढं खुर्ची सरकवली.

"बसा काकू. आलात, फार बरं केलंत. घाबरू नका. किती दिवसांपासून झोप लागत नाही तुम्हाला?"

प्रयागबाई बसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि त्यांना त्या खुर्चीत बसवलं. बापूसाहेब मान खाली घालून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"मला काय बी झालं न्हाय, डाक्टर," प्रयागबाई म्हणाल्या. "मी जागी ऱ्हाते, म्हणून हे हायत."