पाहुण्याची खुर्ची

"आई, ही खुर्ची कुठून आली?" लेक दारातच थबकली.

खोलीच्या मधोमध मखमली गादीची मोठी खुर्ची ऐटीत बसली होती. आई तिच्यावर धुतलेली चादर पसरत होती आणि चादरीचं एकही टोक तिच्या मनासारखं बसत नव्हतं.

"तळमजल्यावरच्या सुतारकाकांची. आत्ताच दोघांनी वर आणून दिली. साहेब येणार, त्यांना काय ट्रंकेवर बसवू?"

लेकीला कॉलेजात प्रवेश मिळाला होता, फीचे पैसे नव्हते. कॉलेजच्या मदतनिधीने अर्ज ठेवून घेतला होता. पण होय की नाही, हे त्यांचा माणूस घर बघून गेल्यावरच ठरणार होतं. कारखाना बंद पडल्यापासून या इमारतीतल्या बऱ्याच घरांतून असे अर्ज गेले होते. साहेब दुपारपासून एकेक मजला वर चढत होते. नियमांचं पत्रक लेकीने इतक्यांदा वाचलं होतं की तिने ते झोपेतही म्हणून दाखवलं असतं. घरातलं सामान बघून गरज ठरवायची. गादीच्या खुर्चीचा तर त्यात वेगळा उल्लेख होता.

"आई, आपल्याकडे काय नाही ते बघायला येताहेत ते. ही खुर्ची दिसली तर मदत विसरायची."

"नाही ते नाही म्हणून सांगायला मला तोंड आहे. पण घरी आलेल्या माणसाला बसायला तरी नीट नको?"

या बाबतीत आईपुढे बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. वडील गेल्यापासून ती दवाखान्याच्या लाँड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करत होती. घरात एक पलंग, एक ट्रंक आणि मान टाकलेला टेबलफॅन. त्याची तिला कधी लाज वाटली नव्हती. पण आलेल्या माणसाची आबाळ झाली असती तर तिला रात्रभर झोप लागली नसती. लेकीने पुढचं बोलणं सोडलं आणि खुर्चीच बाहेर ढकलायला घेतली. गादी कोमट लागली. उन्हात ठेवली असेल, असं तिला वाटलं. खुर्ची चांगलीच जड होती. दारापर्यंत सरकायच्या आत जिन्यात चपला वाजल्या. आईने ती ओढून पुन्हा होती तिथे आणली.

दारात उतारवयाचा, घामाघूम माणूस उभा होता. काखेत फायलींची पिशवी होती. त्याने आधी खुर्चीकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं आणि मग या दोघींकडे.

"बसा साहेब," आई म्हणाली.

तो अगदी बेताने बसला. डावं कोपर त्याने अंगाशी घट्ट आवळून धरलं होतं, या घरातल्या कशालाच त्याला लागायचं नसावं तसं. लेकीला त्याचा राग आला. चहा नको, असं तो तीनदा म्हणाला. तरी आईने कप पुढे केलाच, तेव्हा औषध घ्यावं तसं तोंड करून तो एकेक घोट घेऊ लागला. एवढा शिष्ट माणूस आपल्या नशिबी यावा, याचं लेकीला रडू यायला लागलं.

त्याने विचारलं, आईने सांगितलं. कमावणारं कोण, पगार किती, भाडं किती, आजारपण काय. आईने काही वाढवलं नाही, काही झाकलं नाही. लेकीला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात साहेबांनी गादीवरून हात फिरवला.

"खुर्ची छान आहे."

आईचा चेहरा उजळला. "असू दे म्हटलं. आलंगेलं माणूस बसतं."

साहेबांनी पेन उघडलं. गप्प राहिलं तर कॉलेज गेलं, आणि बोललं तर आई परक्या माणसापुढे उघडी पडणार. आईने तिच्याकडे पाहिलं. नको, असं ते डोळे स्पष्ट सांगत होते. पेन कागदाला टेकलं.

"साहेब, ती खुर्ची आमची नाही."

आई खाली बघून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. चोरी पकडल्यासारखं तिचं तोंड झालं होतं, आणि पकडून देणारी पोटची पोर होती. लेकीला वाटलं, मदत मिळाली तरी आता हे तोंड आपल्याला जन्मभर दिसत राहणार.

लिहिता लिहिता साहेबांनी स्वतःशीच बोलावं तसं मोठ्याने म्हटलं, "बसायला... ट्रंक." मग उरलेला चहा एका घोटात संपवला आणि पेन खिशाला लावलं. उठताना त्यांनी खुर्चीच्या उजव्या हाताचाच आधार घेतला. कप आईच्या हातात देताना त्यांचा आवाज एकदम घरच्यासारखा झाला.

"ताई, मी जिन्यात जरा दम खातो. तेवढ्यात खुर्ची वरच्या मजल्यावर जाऊ द्या. आणि सुतारकाकांना सांगा, हिचा डावा हात एकदा ठोकून घ्या. तळमजल्यावर बसलो, तेव्हाच तो माझ्या हातात आला होता."